तेंदूच्या पानांची चादर

आधी नाव लिहितो, मग बाकीचं. अंबादास मास्तर. सोलापुरात पूर्व भागातल्या विणकरांच्या एका गल्लीत राहतात. 'राहतात' लिहिलंय, 'राहायचे' नाही. हे मुद्दाम सांगावं लागतं. मी कुठल्याही म्हाताऱ्या माणसाबद्दल बोलायला लागलो की ऐकणारा आवाज खाली आणतो आणि विचारतो, कधी गेले? मास्तर गेलेले नाहीत. आज सकाळीच माझ्याशी भांडलेत, माझा चहा पाणचट असतो म्हणून. या शहरात मी टिकलो तो त्यांच्यामुळे. ते कसं, ते आता सांगतो.

मी शालिक. गाव भंडारा जिल्ह्यात, जंगलाला लागून. आठवीत शाळा सुटली. घरातलं कमावतं माणूस आजारी पडलं, मग वही ठेवली आणि आईबरोबर कामाला लागलो. पुढे गावचा एक जण सोलापूरच्या दवाखान्यात वॉर्डबॉय होता, त्याच्या मागोमाग इकडे आलो. भाताच्या मुलखातून ज्वारीच्या मुलखात. पहिल्यांदा कडक भाकरी हातात आली तेव्हा ही खायची की टाळी वाजवायला घ्यायची ते कळेना. मी बोलताना शेवटी 'जी' लावतो, त्यावर लोक हसायचे. अजून हसतात. हसू देत.

माझं काम घरी जाऊन पेशंट सांभाळण्याचं. माणसं पुरवणारी ब्युरो फोन करते, पत्ता सांगते, आपण जायचं. सकाळी आठला ड्युटी लागते. अंग पुसायचं, कपडे बदलायचे, पलंगावर पडून असलेल्या माणसाला ठरावीक वेळानं कुशीवर वळवायचं, नाहीतर पाठीला जखमा होतात. गोळ्या, जेवण, संडास, सगळं. लग्नात कुणी विचारलं काय करता, तर आमच्यातले बरेच जण सांगतात, मेडिकल लाईनमध्ये आहे. मी सांगतो, म्हाताऱ्यांचं सगळं करतो. समोरच्याचा चेहरा जरा आंबतो. त्याला मी मनात म्हणतो, तुझी पण पाळी येणार आहे, तेव्हा माझ्यासारखा भेटो.

या कामाची खरी विद्या कुठल्या कोर्सात शिकवत नाहीत. ती पेशंटच शिकवतात. एक रिटायर कंडक्टर होते. पलंगावरून खुर्चीत घ्यायला गेलो की अंग असं ताठ करायचे की हलवणं अशक्य. एकदा वैतागून तोंडानं टिंग टिंग केलं. अंग एकदम सैल. डबल बेल दिल्याशिवाय गाडी हलत नसते, हे मला कळायला हवं होतं. दुसऱ्या एक आजी होत्या. त्यांच्या मते पेशंट मी होतो आणि त्या माझ्याकडे बघायला ठेवलेल्या. त्या मलाच गोळी घे म्हणून दटावायच्या. मग मी गुळाचा खडा तोंडात टाकायचो आणि त्या मायेनं म्हणायच्या, "आता मी बी घेते, तुला सोबत." दोघांच्याही घरचे म्हणायचे, डोकं फिरलंय. मला कधी तसं वाटलं नाही. प्रत्येकाला आपलं काम सुटलेलं सहन होत नव्हतं, एवढंच.

एक गोष्ट मात्र बोचते. दुसऱ्यांच्या आईबापांना मी तासातासाला कुशीवर वळवलं. माझ्या आईचं शेवटचं आजारपण वहिनीनं काढलं. मी पैसे पाठवत होतो. जास्त लिहीत नाही.

तर अंबादास मास्तर. वय ऐंशीच्या पुढे. कंपवाताचा आजार, दोन्ही हात सतत हलतात. घरात मुलगा व्यंकटेशभाऊ, सून, नातवंडं. त्यांची बोली तेलुगू, बाहेरच्यांशी सोलापुरी मराठी. पहिल्या दिवशी मास्तरांनी विचारलं, "कुठला रे तू?" मी सांगितलं. म्हणाले, "लई लांबचा की. मी बी लांबचाच. माझा आज्जा तेलंगणातनं चालत आला. शंभर वर्सं होत आली, अजून लोक मला बी विचारतात, कुठले तुमी."

मास्तर चादरींची नक्षी करायचे. सोलापुरी चादर सगळ्यांना माहीत आहे, पण तिच्यावर मोर कसा येतो ते मलाही माहीत नव्हतं. त्यांनी सांगितलं ते सांगतो. नक्षी आधी चौकटीच्या कागदावर काढायची, चौकटी रंगवून. मग त्याबरहुकूम पुठ्ठ्याच्या लांब पट्ट्यांना भोकं पाडायची आणि पट्ट्या दोऱ्यानं एकमेकींना शिवून माळ करायची. माळ मागाच्या वर फिरते. जिथं भोक तिथला दोरा उचलला जातो, बाकीचे खाली राहतात, आणि धोटा मधून आडवा दोरा घेऊन जातो. एका आडव्या दोऱ्याला एक पट्टी. म्हणजे मोराची चोच काढायलाच पट्ट्यांची चळत लागते. मास्तरांनी जन्मभर मोर काढले, गुलाब काढले, वाघ काढले. चादरीच्या काठावर नाव विणलेलं असायचं मालकाचं.

त्यांच्या पलंगाखाली एक चौकटीचा कागद गुंडाळून ठेवलेला होता. पोछा मारताना मी तो बाहेर काढला आणि उलगडला. पानांची नक्षी होती. मी बघत राहिलो, आणि तोंडातून गेलं, "हे तर तेंदू."

मास्तर उठून बसले. आधाराशिवाय उठलेलं मी त्यांना पहिल्यांदाच बघत होतो.

गोष्ट अशी होती. त्यांची बायको, लक्ष्मीबाई, बिड्या वळायची. या गल्लीत बहुतेक घरांतून बायका मांडीवर सूप घेऊन बिड्या वळतात, तशीच ती. गिरणी बंद पडली, माग बंद पडले, मास्तर घरी बसले, तेव्हा चूल तिच्या सुपावर चालली. पोरं त्यावर शिकली. मास्तरांनी तिच्यासाठी म्हणून बिडीच्या पानांची नक्षी काढली आणि पुढे दुसऱ्या कारखान्यात काम मिळालं तेव्हा तिथल्या मालकाला दाखवली. मालक हसला. बिडीचं पान कोण पांघरणार, म्हणाला, मोर काढा. मास्तरांनी मोर काढला. कागद गुंडाळून ठेवला. लक्ष्मीबाई गेली. कागद तिथंच राहिला.

"घर चाललं बिडीवर आणि गावभर नाव झालं चादरीचं," मास्तर म्हणाले. "हे मला पटत न्हाय."

मी लहानपणी आईबरोबर उन्हाळ्यात पहाटे तेंदूची, म्हणजे बिडीचीच, पानं तोडायला जायचो. आमच्याकडून पोती भरून कुठे जातात ते माहीत नव्हतं. इथं, या गल्लीत येत होती. हे कळल्यावर मला सोलापूर जरा कमी परकं वाटायला लागलं. पण मी गाढव, लगेच चूक काढली. कागदावर प्रत्येक जोडीतली पानं अगदी समोरासमोर होती, कवायतीला उभी केल्यासारखी. मी म्हणालो, फांदीवर अशी नसतात जी. जोडीतलं एक पुढे असतं, एक जरासं मागं राहतं.

मास्तर भडकले. पन्नास वर्षं हे पान घरात बघतोय, तू मला शिकवतो का, म्हणाले. पण त्यांनी पान बघितलं होतं ते भिजवलेलं, सुपातलं. झाड कधीच बघितलं नव्हतं. दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी अंग पुसत होतो, तेव्हा भिंतीकडे तोंड करून विचारलं, "कुठलं मागं राहतं, डावं का उजवं?"

तिथून आमची दोस्ती सुरू झाली. नवा कागद आणला. त्यांचा हात चालत नव्हता, म्हणून ते सांगायचे आणि मी चौकटी रंगवायचो. मग पट्ट्या. मास्तर कागद वाचायचे, "मार, मार, सोड, मार," आणि मी हातोडीनं भोक पाडायचो. घरच्यांना सांगितलं, व्यायाम चाललाय. खोटं नव्हतंच ते. माणूस अर्ध्या भाकरीवरून दोन भाकऱ्यांवर आला होता, आणि दुपारची झोपेची गोळी आपोआप सुटली होती. आमच्या धंद्यात हात उसने द्यायचे असतात. मी इतकी वर्षं घास भरवायला, अंग पुसायला दिले. नक्षी काढायला पहिल्यांदाच कुणी मागितले.

अडचण एकच होती. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक शेवटचा माग उरला होता, जुना ताणा तसाच चढलेला. ताणा म्हणजे उभे दोरे. व्यंकटेशभाऊंनी तो भंगारात विकायचं ठरवलं होतं. तिथे शाळेच्या गणवेशांची शिलाई यंत्रं बसवायची होती. यात त्यांचं काही चुकत नव्हतं, घर चालवायचं होतं. त्यांनी मला बजावलंही होतं की नान्नांना शेडकडे फिरकू द्यायचं नाही, तिथं एकदा पडलेत. नान्ना म्हणजे वडील. तेलंगणात नात्यातलं लग्न होतं. सगळं घर तिकडे जाणार आणि परत आल्यावर भंगारवाला येणार. म्हणजे चादर झाली तर त्या लग्नाच्या दिवसांत, नाहीतर कधीच नाही.

मास्तरांनी तसं बोलून दाखवलं तेव्हा मी नको म्हणालो. मी भित्रा माणूस आहे. फोन वाजला की आधी वाटतं ब्युरोचा असेल, उद्यापासून येऊ नको म्हणतील. पेशंटला घरच्यांच्या परवानगीशिवाय हलवायचं नाही, हा तर आमचा पहिला नियम. मास्तरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तू नियम पाळ की. मी चालतो, तू नुसता पडू नको म्हणून मागं ये."

घरचे लग्नाला गेले त्याच दिवशी माग लावायला त्यांनी रफीकभाईंना बोलावलं. रफीकभाई जुने जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू. त्यांनी शेडमध्ये एक नजर टाकली, म्हणजे टाकल्यासारखं केलं, आणि म्हणाले, "मास्तर, मेरेकू दिखता नै, तुमारा हात रुकता नै, और ये पोट्टेकू कुछ आता नै. माग कौन चलाएगा?"

"तिघं मिळून एक विणकर होतोय की," मास्तर म्हणाले.

आणि तसंच झालं. रफीकभाईंनी बोटांनी चाचपून नट आवळले, तेल सोडलं. मी पट्ट्यांची माळ वर चढवली. मास्तर खुर्चीत बसून सांगत होते. आम्ही सगळ्याचा बंदोबस्त केला होता. गोळ्यांचा डबा जवळ ठेवला, पाणी ठेवलं, खुर्चीला उशा बांधल्या, पुढच्या दाराला आतून कडी घातली, शेजारणीला सांगितलं मास्तर झोपलेत. मग रफीकभाईंनी बटण दाबलं.

मागाला आवाज असतो, हे आम्ही विसरलो होतो.

मला माहीत असायचं कारणच नव्हतं, मी चालता माग जवळून बघितलेला नव्हता. पण त्या दोघांनी सगळं आयुष्य त्या खटखटाटात काढलं होतं. त्यांच्या कानाला तो आवाज म्हणजे शांतताच. मी घाबरून ओरडलो, सगळ्या गल्लीला ऐकू जातंय जी. मास्तर विचारतात, काय ऐकू जातंय?

पत्र्याची शेड ढोलासारखी वाजत होती. पाच मिनिटांत गल्लीतल्या बायका मांडीवरची सुपं बाजूला ठेवून मागच्या बाजूनं शेडच्या दारात. मी तोंड लपवायला जागा शोधत होतो. त्यांच्यातली एक म्हातारी पुढे आली, कापडावर पहिलं पान वर येत होतं तिथं वाकली, आणि म्हणाली, "अय्यो, तुनिकाकु." तेंदूच्या पानाला तेलुगूत तसं म्हणतात. मग तिनं बोटं पानावर ठेवली, बिडी वळताना ठेवतात तशी. कुणी हसलं नाही.

त्यातल्याच कुणीतरी आनंदाच्या भरात व्यंकटेशभाऊंना फोन लावला. अभिनंदन करायला. तुमचे नान्ना उठले, माग चालू झाला. थोड्या वेळानं माझा फोन वाजला. ब्युरोच्या मॅडम, व्यंकटेशभाऊंनी त्यांना कळवलं होतं. परवापासून दुसरा माणूस येईल, तू पेशंटला आधी पलंगावर ने.

मी मास्तरांना म्हणालो, बंद करू. हात बटणाकडे गेलाही होता.

मास्तर माझ्याकडे बघून म्हणाले, "आता बंद केलं तर म्हणतील, म्हाताऱ्याला कळत नव्हतं. पुरी केली तर म्हणतील, म्हातारा हट्टी हाय. मला हट्टी चालतंय. तुझं तू बघ बाबू, मी तुला धरून ठेवलं न्हाय."

मी धोट्यात दोऱ्याची नवी कांडी भरली. का, ते अजून नीट सांगता येत नाही. इतकी वर्षं मी हो म्हणत आलो होतो, सगळ्यांना. एकदा वाटलं, ज्याचं अंग मी पुसतो त्यालाच हो म्हणावं.

काम सरळ झालं नाही. जुना ताणा, दोरे पटापट तुटायचे. तुटला की माग थांबवायचा, रफीकभाईंनी चाचपून टोक शोधायचं, मी गाठ मारायची, मास्तरांनी गाठ बघून मला नावं ठेवायची. माझ्या गाठी म्हशीच्या दाव्यासारख्या होत्या, असं त्यांचं मत होतं. संध्याकाळी थांबलो, सकाळी परत बसलो. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत निम्म्याच्या पुढे आलो होतो, तेवढ्यात व्यंकटेशभाऊ दारात उभे. लग्न टाकून आलेले. अंगावर लग्नातलाच सदरा.

त्यांनी आधी बटण बंद केलं.

"नान्ना, पडला असता तर?" ते म्हणाले.

"पडलो असतो तर मागाजवळ पडलो असतो. पलंगावरनं पडतो त्यापेक्षा बरं."

"कुणासाठी चाललंय हे? कुणी मागितलंय?"

"कुणी न्हाय मागितली. म्हणून तर करतोय. जन्मभर मागितलेलंच केलं."

व्यंकटेशभाऊ मग माझ्याकडे वळले. आवाज चढवला नाही, तो चढवला असता तर बरं वाटलं असतं. विश्वासानं माणूस सोपवून गेलो होतो, एवढंच म्हणाले. मग त्यांची नजर कापडावर गेली. जोडीजोडीनं पानं, एक पुढे, एक जरा मागं. ते बघत राहिले. ही पानं कुणाची ते त्यांना सांगावं लागलं नाही. त्यांच्या आईचं सूप त्यांनीही बघितलेलं होतं, तिच्या मांडीशेजारी बसून अभ्यास केलेला होता.

ताण्यातला एक दोरा तुटून लोंबत होता. मी पैज लावून सांगतो, व्यंकटेशभाऊंचा त्या क्षणापर्यंत मला, रफीकभाईंना, सगळ्यांना बाहेर काढायचा विचार होता. पण विणकराच्या पोराला तुटलेला दोरा बघवत नाही. हात आपोआप पुढे गेला, दोन्ही टोकं धरली, चिमटीत गाठ बसली. मला ती दिसलीसुद्धा नाही, इतकी बारीक.

"बघ," मास्तर मला म्हणाले. "याला गाठ म्हणतात."

व्यंकटेशभाऊंनी सदऱ्याच्या बाह्या वर केल्या आणि बटण दाबलं. चादर त्यांनीच पुरी केली. मास्तर खुर्चीतून बघत होते. काठाला मालकाचं नाव विणायची जागा येते, तिथं मास्तरांनी काहीच नाव घातलं नव्हतं. तिथंही पानंच होती, थेट शेवटच्या दोऱ्यापर्यंत.

गोष्टीत असतं तर मला तिथंच माफी मिळाली असती. मिळाली नाही. चादर कापून खाली उतरवल्यावर व्यंकटेशभाऊ म्हणाले, तू उद्यापासून नको येऊ. मी खोलीवर जाऊन बसलो. ब्युरोनं दुसरं काम देणं बंद केलं. गावी परत जायचं तर तिथं आई नव्हती. पिशवी भरायची, रिकामी करायची, असं माझं चाललं होतं.

पुढचं मला सुनेनं सांगितलं. नवा माणूस आला, चांगला होता, कोर्स केलेला. मास्तरांनी त्याला मराठी येत नसल्याचं दाखवलं. तो पाणी विचारायचा, हे तेलुगूत लांबलचक काहीतरी सुनवायचे. त्याला वाटायचं दुखतंय, तो डॉक्टरांना फोन करायचा. तो गेला. पुढचा आला, त्याचंही तेच. मग ब्युरोच्या मॅडम स्वतः बघायला आल्या. त्यांच्यासमोर मास्तर अस्खलित मराठीत बोलले. "शेडमध्ये मी गेलो, माझ्या पायानं. त्यो मागं आला, मी पडू नये म्हणून. हेच त्याचं काम होतं, का न्हाय? माझं डोकं अजून माझं हाय बाई. ज्या दिवशी नसेल त्या दिवशी मुलाला विचारा."

दोन दिवसांनी व्यंकटेशभाऊ माझ्या खोलीच्या दारात आले. आत आले नाहीत. यापुढे मला विचारल्याशिवाय काही करायचं नाही, म्हणाले. मी हो म्हणालो. मग म्हणाले, "चल, तिकडे जेवण थांबलंय." तेव्हापासून मी तिथंच आहे.

माग गेला. शिलाईची यंत्रं आली, ती पण खूप आवाज करतात. मास्तरांना तो आवाज मात्र ऐकू येतो आणि आवडत नाही. चादर बघायला लोक येतात. एक जण म्हणाला, काचेत लावा, वारसा आहे. मास्तर म्हणाले, वारसा असंल तुझा, माझं पांघरूण हाय. ते ती रोज पांघरतात. तिच्यावर चहा सांडतो, औषध सांडतो, मी धुतो. उन्हात वाळत घातली की गल्लीतल्या बायका जाताना हात लावून जातात.

मला सगळे सांगतात की या वयाच्या माणसाला आता शांत बसू द्यावं. मी या धंद्यात बघितलंय, शांत बसवलेली माणसं लवकर मरतात.

आणि आता फेडण्याचं. मास्तरांनी तेंदूचं झाड अजून बघितलेलं नाही. उन्हाळ्यात नवी पालवी येते तेव्हा मी त्यांना आमच्या जंगलात नेणार आहे. डॉक्टर नाही म्हणतील. व्यंकटेशभाऊंना मी विचारलंय, कबूल केल्याप्रमाणे. ते हो म्हणाले नाहीत, पण किती तासांचा प्रवास आहे ते त्यांनी दोनदा विचारलं. या उन्हाळ्यात नाही जमलं तर पुढच्या. मास्तर म्हणतात, पुढच्या उन्हाळ्यात मी असंन का रे? मी त्यांना सांगितलंय, असावंच लागेल जी. फांदी हातात देईन, आणि कुठलं पान मागं राहतं ते तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी बघाल. तोवर माझं फिटलं असं मी म्हणणार नाही.